हंसाच्या मानेतला अंगठा

आयुष्यात मी अंगठा एकदाच उठवला, आणि तो कागदावर नव्हे, हंसाच्या मानेवर. हंस फायबरचा होता, तळ्यात माणसं पायडल मारत फिरतात तसल्या बोटीचा. त्याची मान बोटीपासून सोडवून आमच्या अंगणात गोणपाटावर आडवी ठेवली होती, आणि त्या मानेत माझ्या डाव्या हाताचा अंगठा पेरापर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा. वय होतं एकोणीस. अक्कल होती, नाही असं नाही, पण ती नेहमी माझ्यामागून दोन-तीन तासांनी चालत यायची. आता कोरमंगलाहून नात रविवारी येते, सोबत तिच्या पीजीतल्या दोघीतिघी असतात. कुणाच्या हेल्मेटचा रंग काढायचा असतो, कुणाच्या स्कूटरच्या पुढच्या पॅनेलचा. नात त्यांना ऐटीत सांगते, "आमच्या अज्जीला सगळं कळतं." मी चष्मा पुसत गप्प बसते. कळण्याआधी काय काय करून ठेवलं होतं ते त्या पोरींना सांगितलं तर हेल्मेट उचलून पळतील. म्हणून इथं लिहिते, इथून पळता येत नाही.

आमचं घर बनशंकरीला. तेव्हा देवळाच्या पलीकडे रागीची शेतं लागायची आणि रिक्षावाला 'इतक्या लांब?' म्हणून तोंड वाकडं करायचा. घराला तीन खोल्या, आणि मागं घरापेक्षा मोठी पत्र्याची शेड. आमच्यात असं सांगतात की पूर्वज कुणा राजाच्या लष्कराबरोबर तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आले. लष्करात ते काय करत होते, असं विचारलं की पुरुषमंडळी खोकायला लागतात. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोठी बहीण, जिला अख्खी गल्ली अक्का म्हणायची आणि म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो, ती मात्र सरळ सांगायची, "तलवारी कुठल्या? हंडे होते आपले. शिपायांचे पटके रंगवायचे." पिढ्यान्‌पिढ्या रंगारी. अक्काच्या तरुणपणापर्यंत मागच्या अंगणात चुली पेटत, सुती लुगडी उकळत. मग गिरणीचं रंगीत कापड स्वस्त झालं, हंडे थंड पडले, आणि अण्णांनी कापड सोडून लोखंड धरलं. आधी सायकली, मग स्कूटरची मडगार्डं, कारखान्यातल्या मशिनींची झाकणं. "रंग तोच," ते म्हणायचे, "अंग बदललं." अक्काला हे कधीच पटलं नाही. शेडकडून वास आला की ती पदर नाकाला लावायची. "आपल्या हंड्यांना मंजिष्ठेचा वास यायचा रे. हा तर मेला रॉकेलाचा भाऊ."

घरातल्या आवाजांवरून दिवस कळायचा. सकाळी देवळाची घंटा, तिच्यामागून आईचा खलबत्ता, मग कॉम्प्रेसरची धडधड सुरू झाली की समजायचं, अण्णा कॉफी पिऊन शेडमध्ये गेले. कॉम्प्रेसर थांबला की खर्र, खर्र, खर्र असा वॉटर पेपरचा आवाज. वॉटर पेपर म्हणजे पाण्यात बुडवून घासायचा काळा पॉलिश पेपर. मला तो आवाज भात शिजल्याच्या वासासारखा वाटायचा, आत ओढणारा. आईला तो दातावर रेती आल्यासारखा वाटायचा. आईचं म्हणणं, मी टायपिंग शिकावं. गल्लीच्या टोकाला एका बाईंचा टायपिंगचा वर्ग होता, तिथून मुली सरळ ऑफिसात जात आणि ऑफिसातून सरळ मांडवात. "बोटांना थिनरचा वास येणारी मुलगी कुणाच्या घरात द्यायची, अहो तुम्हीच सांगा," असं ती अण्णांना विचारायची. अण्णा "बघू" म्हणायचे. आमच्या घरात बघू म्हणजे नाही, फक्त उशिरा.

मग चिन्नप्पा आला. चिन्नप्पा हा तळ्यावर बोटी चालवणारा माणूस. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. युगादीनंतर, म्हणजे पाडव्यानंतर, शाळांना सुट्ट्या लागत आणि तळ्यावर गर्दी होई, म्हणून त्याला युगादीच्या सकाळी आठ हंस पाण्यात हवे होते. टेम्पोतून त्याने आठ माना उतरवल्या. त्या अंगणात ओळीने ठेवल्या तेव्हा शेजारच्या कोंबड्या ओरडत कुंपणापलीकडे गेल्या. दरवर्षी हा गृहस्थ जुन्या रंगावरच नवा तैलरंग थापायचा, भिंतीला देतात तो. त्यामुळे मानेवर सहा-सात थर, ठिकठिकाणी पापुद्रे सुटलेले, आणि प्रत्येक थराचा रंग वेगळा. एक वर्ष पांढरा, एक वर्ष गुलाबी, एकदा म्हणे पिवळा. "पिवळा का?" अण्णांनी विचारलं. "रायरे, ते वर्ष विचारू नका," चिन्नप्पा कन्नडमध्ये म्हणाला. "लोक तिकीट मागताना बातुकोळी द्या म्हणायचे." बातुकोळी म्हणजे बदक.

काम मोठं, दिवस थोडे, आणि अण्णांचा मदतनीस नुकताच आनेकलला कारखान्यात लागून गेला होता. मी संधी साधली. जेवताना, आई ताक आणायला आत गेल्याबरोबर, म्हणाले, "अण्णा, मी करते." अण्णांनी घास खाली ठेवला. आई ताकाचं भांडं घेऊन दारात उभी राहिली. शेवटी ठरलं ते असं, आणि ते आईनेच ठरवलं: युगादीपर्यंत मी शेडमध्ये. चिन्नप्पाच्या माना नीट झाल्या, तर पुढचं पुढं. नाहीतर युगादीच्या दुसऱ्या दिवशी टायपिंगचा वर्ग, आणि शेडच्या दारात पुन्हा दिसायचं नाही. अण्णा म्हणाले, "सरी," म्हणजे बरं. मी तर आनंदाने ताक सांडलं. त्या मुलीला, म्हणजे मला, वाटलं होतं की अर्धं साम्राज्य हाती आलंच आहे, आता फक्त हत्तीवर बसायचं.

अण्णांनी पहिल्या दिवशी पहिली मान स्वतः धरली आणि मला शेजारी बसवलं. लोखंडावरचा रंग काढायला आमच्याकडे रिमूव्हर असायचा. डब्यातला दाट पांढरट काला, ब्रशने लावला की पाच मिनिटांत रंग पापडासारखा फुगायचा. त्या डब्याकडे माझी नजर गेलेली पाहून अण्णा म्हणाले, "तो इथं चालत नाही. हे फायबर आहे. काचेचे धागे, त्यांवर रेझिन, आणि सगळ्यांत वर नखाएवढा गुळगुळीत थर. रंग काढायचा, तो थर नाही. थर गेला की मानेला पाणी लागलं समज." मग बोथट केलेल्या पात्याने सुटे पापुद्रे काढायचे, जाड पॉलिश पेपरने कोरडं घासायचं, मग वॉटर पेपर आणि बादली. आणि घासताना लक्ष मानेकडे ठेवायचं नाही, मानेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे ठेवायचं. पांढरं पाणी, मग गुलाबी, मग पिवळं (तेव्हा अण्णा हसले), मग निळसर, आणि शेवटी राखाडी. मूळ थर राखाडी होता. "राखाडी पाणी आलं की हात उचलायचा. त्यानंतरचा एकही हात रंगावर नाही, वस्तूवर पडतो." हे त्यांनी एकदाच सांगितलं. अण्णा कुठलीच गोष्ट दोनदा सांगायचे नाहीत. ही त्यांची खोड मला फार महागात पडली. अर्थात हे माझं मत. त्यांचं मत वेगळं होतं.

एका मानेला दोन दिवस लागायचे. मानेचं वळण, चोचीच्या खालची खाच, डोळ्यांभोवतीचा उंचवटा, सगळं बोटांनी. चौथ्या दिवशी माझ्या बोटांची टोकं सोललेल्या बदामासारखी दिसायला लागली. अक्का मोतीबिंदूने अधू झालेली, ओसरीवर बसून सगळं ऐकायची. तिला आवाजावरूनच वेग कळायचा. "अजून तीच मान?" ती विचारायची. "अगं पोरी, आम्ही असल्या आठ माना दुपारच्या जेवणापर्यंत उतरवल्या असत्या. रंग ओढून निघत नाही, भिजून निघतो. सोडा, चुना, गरम पाणी. भिजत घालायचं, वर ओलं गोणपाट टाकायचं, आणि जेवून झोपायचं. उठेपर्यंत लुगडं पांढरं." हे आमच्या घराण्याचं शास्त्र. तीनशे वर्षं कुणी त्याला आव्हान दिलं नव्हतं, आणि मी तर द्यायच्या नव्हे, वापरायच्या बेतात होते.

सातव्या दिवशी अण्णा रंगवलेली झाकणं पोचवायला बसने आनेकलला गेले. तोवर तीन माना झाल्या होत्या, तिन्ही जवळजवळ त्यांनीच केलेल्या. मला वाटलं, संध्याकाळी अण्णा येतील आणि बघतील तर पाच. ते दारात थबकतील. मी काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने केस बांधत असेन. हा चेहरा मी आरशात करूनही पाहिला होता, आता सांगायला हरकत नाही. अण्णांचं सांगणं आठवत नव्हतं असं नाही. पण मनात म्हटलं, अण्णांना लोखंड कळतं, कापड कळत नाही, आणि फायबर म्हणजे शेवटी धागेच ना? मग ते कापडाचंच भावंड. रिमूव्हरचा डबा काढला, दोन मानांना भरपूर चोपडला, हंड्यावर टाकायचे तशी ओली गोणपाटं वर टाकली आणि जेवायला गेले. आईने कैरीचं चित्रान्न केलं होतं. मी तीनदा वाढून घेतलं, दहीभात वेगळा. मग घराण्याच्या शास्त्राचा शेवटचा भागही पाळला. झोपले.

उठून गोणपाट उचललं आणि खरं सांगते, आनंदाने माझ्या तोंडून शीळ निघाली. सहाच्या सहा थर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे सुटून आले. खाली राखाडी, स्वच्छ, ओलसर. मी मानेला थोपटलं, शाबास म्हटल्यासारखं, आणि उचलायला म्हणून अंगठ्याने धरलं. अंगठा आत गेला. आधी वाटलं, रंगाचा लगदा असेल. अंगठा काढला तर खड्डा तसाच, आणि त्यातून ओल्या खोबऱ्याच्या किसासारखे धागे बाहेर आलेले. दुसऱ्या मानेकडे धावले. तिचं तर चोचीखालचं वळणच बसलं होतं. हंस आजारी कोंबड्यासारखा दिसत होता. मी दोन्ही माना पाण्याने धुतल्या, पुन्हा धुतल्या, उन्हात ठेवल्या, सावलीत ठेवल्या, देवाला नारळ बोलले. मग काय केलं असेल त्या शूर मुलीने? दोन्ही मानांवर पुन्हा गोणपाट टाकलं आणि शेडच्या कोपऱ्यात कॉम्प्रेसरमागं लपवल्या. गुडघाभर उंचीच्या कॉम्प्रेसरमागं दोन हंस. माझ्या योजना नेहमी अशाच असायच्या.

"यमू," ओसरीवरून अक्का म्हणाली, "आवाज का थांबला गं?" मी तिच्यापाशी जाऊन बसले आणि रडायला लागले. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "अण्णाने भिजवू नको म्हटलं होतं?" मी हो म्हटलं. "आणि मी भिजव म्हटलं." "तू कापडाचं सांगत होतीस." "ते खरं," ती म्हणाली, "पण तुला हिणवत सांगत होते. तो येईल तेव्हा मी इथंच बसते. उठून आत जाणार नाही." एवढंच. पण म्हातारी संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत जागची हलली नाही.

अण्णा आले, बादली पाहिली, माना मोजल्या आणि सरळ कॉम्प्रेसरमागं गेले. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. खड्ड्यात त्यांनी स्वतःचा अंगठा घालून पाहिला. त्यांचा अंगठा माझ्याहून जाड, बसेना. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "उद्या तळ्यावर जा आणि चिन्नप्पाला सांग." आई म्हणाली, "अहो, एकटी?" अण्णा म्हणाले, "भिजवताना कोण होतं सोबत?" अक्का ओसरीवरून म्हणाली, "मी होते." तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो, अक्का माझा दंड धरून, मी तिचा. चिन्नप्पा बिनमानेच्या आठ बोटींच्या मधे उभा होता. मी कन्नडमध्ये सांगितलं. तो इतका जोरात "अय्यो!" ओरडला की पाण्यावरचे बगळे उडाले. "हुडुगी, हंस दिले होते, कोंबड्या केल्यास?" मग बोटींकडे पाहून, जरा हळू, "सुट्टीत पोरं येतात, मान धरून फोटो काढतात. बिनमानेच्या बोटीत कोण बसतं गं? एंटु बेकु, एळल्ल." आठ हवेत, सात नाही. मी म्हटलं, "आठ होतील." कुणाच्या भरवशावर म्हटलं, देव जाणे. परत येताना अक्का म्हणाली, "आता तोंडाने आठ केलेस. हाताने कर."

पुढचे दिवस मी आजवर कुणाला सविस्तर सांगितले नाहीत, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही आणि मला तसलं सांगता येत नाही. अण्णांनी पुन्हा एकदाच सांगितलं, पण या वेळी मी ऐकलं. तीन दिवस माना उन्हात वाळवल्या. मऊ झालेलं सगळं पात्याने कापून काढलं, पार टणक भाग लागेपर्यंत. मग काचेच्या धाग्यांची पांढरी चटई फाडून आतून-बाहेरून लावायची आणि वरून हार्डनर कालवलेलं रेझिन ब्रशने टोचत जिरवायचं. हवेचा एक फुगा राहिला की सगळं वाया. रेझिन वाटीत कालवलं की ते आपोआप गरम व्हायला लागतं. पहिल्यांदा वाटी हातात तापली तेव्हा मी किंचाळून फेकली आणि अण्णांची धोतराची जोडी कायमची कडक झाली. काचेची कुसळं हातात शिरायची, रात्रभर खाज. आई खोबरेल तेल चोळायची आणि चोळता चोळता टायपिंगबद्दल बोलायची. पण दुपारी शेडच्या दारात ताकाचा तांब्या ठेवून जायची, आणि ठेवताना आत वाकून बघायची. आजकाल माझ्या शेडमध्ये मास्क घातल्याशिवाय नातीलाही पाऊल टाकू देत नाही. आम्ही नाकाला फडकं बांधायचो आणि स्वतःला फार सावध समजायचो.

वळण मात्र जमेना. लांबी भरून घासली, डोळ्यांना बरोबर दिसायचं, आणि उन्हात तिरपं धरलं की लाट. तेव्हा अक्का पहिल्यांदा शेडमध्ये आली. पाटावर बसली, मान मांडीवर घेतली, आणि कनवटीतून जुन्या मलमलीचा तुकडा काढून तळहाताखाली धरला. "उघड्या हाताला खरखर कळते, उंचसखल कळत नाही. मधे मलमल घाल. पूर्वी लुगड्यावर खळ सारखी बसली का ते असंच बघायचो. आणि डोळे मीट, ते मधे मधे बोलतात." मी डोळे मिटले. मलमलीखालून मान सरकायला लागली आणि काय सांगू, सगळं कळलं. इथं पोट, इथं खळगा, इथं माझी घाई. त्या दिवसापासून आम्ही दोघी, एक अधू आणि एक डोळे मिटलेली, त्या दोन माना घासत होतो. अण्णा इकडे आपल्या सहा माना उरकत होते आणि आमच्याकडे बघत नव्हते. न बघण्याचेही प्रकार असतात. हा कान टवकारून न बघण्याचा होता.

युगादीला चार दिवस राहिले तेव्हा आठही मानांना राखी प्रायमर मारून झाला. प्रायमरने सगळ्या सारख्या दिसतात. अण्णा म्हणाले, "आता अक्का बघेल." आई हात पुसत दारात आली. अण्णांनी सरळच सांगितलं, "यमूच्या दोन तिला सापडल्या, तर चिन्नप्पाच्या गिऱ्हाइकालाही सापडतील. मग टायपिंग." मी म्हटलं, "अक्काला माझ्या माना पाठ आहेत!" अण्णांनी अक्काला आणि मला ओसरीवर पाठवलं, माना उलटसुलट लावल्या. प्रत्येक मानेच्या आत, बुडाशी, त्यांनी खडूने आकडा टाकला होता, त्यांच्या मानांना एक ते सहा, माझ्या दोघींना सात आणि आठ. तो वर दिसत नव्हता. अक्का आली. मलमल तळहाताखाली. पहिली मान, वरपासून खाली, सावकाश. दुसरी. तिसरी. कॉम्प्रेसर बंद होता, आईने खलबत्ताही बंद ठेवला होता. माझ्या दोन माना कुठं आहेत ते मलाही कळत नव्हतं. आठव्या मानेपर्यंत गेली, परत फिरली, पाचवीपाशी थांबली. हात पुढे, हात मागे. "ही," ती म्हणाली. "वळणाच्या खाली, चार बोटं रुंद लाट आहे. ही तिची. भरलेली आहे."

मी खाली बसले. अण्णांनी ती मान उचलली, उलटी केली, आणि आत पाहिलं. मग दाराकडे उजेडात नेऊन पुन्हा पाहिलं. "काय आहे?" अक्काने विचारलं. आईने पुढे होऊन वाकून पाहिलं, आणि माझी आई, जिला वॉटर पेपरचा आवाज दातात रेतीसारखा वाटायचा, ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. "अक्का, तिची नाही हो. तुमच्या भावाची आहे!"

अक्काने मुद्दाम केलं का, असं मला आजही विचारतात. मी त्याच दिवशी तिला विचारलं होतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "माझ्या बोटांवर शंका?" आणि शंकेला जागाही नव्हती. अण्णांनी तिच्याच हातातली मलमल मागून घेतली, डोळे मिटले, मानेवर हात फिरवला, आणि वळणाखाली थांबले. "आहे," ते म्हणाले, "लाट आहे. घाईत राहिली." मग बाकीच्या सातांवरूनही हात फिरवला. माझ्या दोन्ही मानांवर जरा जास्त वेळ. मलाही फिरवायला लावला. मग स्वतःची मान घेऊन खाली बसले, बादली ओढली आणि खर्र, खर्र सुरू. आईला मात्र घासता घासता म्हणाले, "त्या टायपिंगवाल्या बाईंना सांगून ये, ही येणार नाही म्हणून." आई म्हणाली, "आत्ता?" "आत्ता. नंतर माझं मन बदलेल." आई चप्पल घालून गेली. तिने बाईंना नेमकं काय सांगितलं माहीत नाही, पण त्या बाई पुढे कधी रस्त्यात भेटल्या की मला फार आदराने नमस्कार करायच्या, म्हणजे काहीतरी भारी सांगितलं असणार.

युगादीला कडुनिंब-गुळाचा बेवु-बेल्ला खाऊन, कडू चव तोंडात असतानाच आम्ही सगळे तळ्यावर गेलो. आठ पांढरे हंस पाण्यावर, केशरी चोची, काळे डोळे. ते डोळे मी काढले नव्हते. अण्णांनी काढले, मला कसे आले असते? चिन्नप्पा प्रत्येक मानेजवळ जाऊन, नाक लावून बघत होता. आठही बघून झाल्यावर माझ्याकडे येऊन बारीक आवाजात, म्हणजे त्याच्या मानाने बारीक, विचारलं, "कोंबड्या कुठल्या?" मी म्हटलं, "सापडल्या तर सांगा." त्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णा तळ्याकडे पाहत होते, छाती काढून, जणू तळंही त्यांनीच रंगवलं होतं. अक्काने हंसात बसायला साफ नकार दिला आणि मग तीन फेऱ्या मारल्या. मी पायडल मारत होते, ती मान धरून बसली होती, पदर वाऱ्यावर, आणि काठावरच्या प्रत्येकाला ओरडून सांगत होती, "आमच्या पोरीची मान आहे ही!" लोक माझ्याच मानेकडे बघायचे.

युगादीनंतर महिनाभराने, सकाळी कॉम्प्रेसर धडधडत असताना, फाटकापाशी एक अनोळखी माणूस सायकल घेऊन उभा राहिला. सायकलच्या मागं दोरीने बांधलेलं कसलं तरी फायबरचं झाकण, रंगाचे पापुद्रे लोंबत असलेलं. अण्णा फाटकाजवळच होते. गिऱ्हाईक आलं की ते नेहमी तिथंच भेटत, शेडपर्यंत कुणाला येऊ देत नसत. माणूस त्यांच्याकडे पाहून नमस्कार करून म्हणाला, "बण्ण तेगेयो हुडुगी इद्दाळा?" रंग काढणारी मुलगी आहे का? चिन्नप्पाने पाठवलं होतं. एवढ्या वर्षांत त्या फाटकावर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाची चौकशी झाली नव्हती. मग त्यांनी शेडमध्ये जाऊन कॉम्प्रेसर बंद केला, परत येऊन म्हणाले, "इद्दाळे," म्हणजे आहे, आणि फाटकातून बाजूला झाले, त्या माणसाला आत यायला वाट करून देत. "यमू," त्यांनी हाक मारली, "तुझं गिऱ्हाईक आलंय."

मी ओले हात परकराला पुसले. धावत सुटावंसं वाटत होतं. पण गिऱ्हाइकासमोर धावत जायचं नसतं, एवढी अक्कल त्या दिवशी वेळेवर पोचली. मी चालत गेले.